बाद झालेली चिठ्ठी

१९७९ साल. मी बेचाळीस वर्षांचा होतो, आणि स्वतःची सही करता येऊ लागून मला जेमतेम दोन महिने झाले होते.

दुसरीतून शाळा सुटली ती सुटलीच. पुढं चऱ्होली सोडून भोसरीला आलो आणि कंपनीत पॅकिंगच्या लाकडी पेट्या ठोकायला लागलो. पेटी वरून पडली तरी उकलायची नाही अशी ठोकायचो, पण रजेच्या अर्जावर अंगठा. पंधरा वर्षं अंगठाच. त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. वाटलं ते बायकोमुळं. भोसरी गावच्या शाळेत संध्याकाळचा प्रौढांचा वर्ग निघाला, आणि आमच्या पत्र्याच्या चाळीतल्या बायांबरोबर ती आधी जाऊ लागली. महिन्याभरात पिंपरीच्या स्टॉपवर उभी राहून बसची पाटी वाचायला लागली. “अवो, ही आपली न्हाई, मागची.” चार माणसांत. दुसऱ्या दिवसापासून मी वर्गात.

सही आली आणि मी जरा चेकाळलोच. खिशाला पेन लावायला लागलो. रेशनच्या पिशवीवर सही, पाटाच्या बुडाला सही. कंपनीत पेट्यांवर खडूनं सह्या केल्या तेव्हा मुकादम ओरडला, “मिस्त्री, माल पेटीत जायचाय का तुम्ही?” लोक हसले. मी पुसल्या नाहीत. त्यानं पुसल्या.

नवं वर्ष लागताच लोकसभेचं मतदान होणार होतं. आमच्या बाई दिवसा पोरांना शिकवायच्या आणि संध्याकाळी आम्हाला. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, पण आवाजाला धार. त्या म्हणाल्या, “मतदान नुसतं सांगून कळत नाही. आपण करूनच बघू.” वर्गाला प्रमुख निवडायचा ठरला. प्रमुखाकडं खोलीची चावी. गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, तेव्हा मतदान गुरुवारी.

वर्गातले गॅरेजवाले चाचा उभे राहिले. भला माणूस. कुणाची सायकल पंक्चर झाली तर आधी हवा भरायचे, मग चौकशी करायचे. त्यांच्यासमोर बायांनी माझ्या बायकोला उभं केलं. कारण असं की बायांचे हात चारला मोकळे व्हायचे आणि खोली उघडायची बाप्यांची पाळी सुटल्यावर, सहाला. चावी बाईमाणसाकडं आली तर दोन तास जास्त मिळणार होते. चाचांची निशाणी पाना. तिची फणी.

“फणी?” एक जण म्हणाला. “वर्गाच्या उवा काढणार का वहिनी?”

“तुमच्या डोक्यात काय असंल तर काढीन की,” ती म्हणाली. मला वाटलं नव्हतं ती बोलेल.

घरी मात्र मी तिला सांगितलं, “कशाला उभी राह्यलीस? हरशील. हसं व्हईल.” ती भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. मी चिडलेलो नव्हतो. भीती वाटत होती. आपल्या माणसाला चारचौघांत हरताना बघायची भीती वाटते, पण ती तशी बोलता येत नाही, मग माणूस असं काहीतरी बोलतो.

मतपेटी मीच केली. कंपनीतल्या फुटक्या फळ्या मुकादमाला विचारून आणल्या होत्या, रंधा मारला, वर चिठ्ठी जाईल एवढी फट, बाजूला कडी. बुधवारी बाई आत मतदानाचा धडा देत होत्या आणि मी व्हरांड्यात बिजागरी बसवत होतो. बाईंनी दारातून सांगितलं, “आत येऊन ऐका हो, महत्त्वाचं आहे.”

“बाई, मी तीनदा मत दिल्यालं हाय,” मी म्हणालो. “मला काय शिकिवता?” आणि पुन्हा हातोडी घेतली. त्या हातोडीच्या आवाजात जे ऐकायचं राहिलं ते राहिलंच.

गुरुवारी वर्गात एकोणीस जण. आठ बाया, अकरा बाप्ये. फळा तिरका उभा करून त्यावर बाईंनी सतरंजी टाकलेली, मागं टेबल. बटाटा अर्धा कापून त्यावर फुली कोरलेली, तोच शिक्का, शेजारी निळ्या शाईचं पॅड. चिठ्ठीवर वर पाना, खाली फणी. बाई एकेकाच्या बोटाला शाई लावत होत्या. चाचा बोट बघून म्हणाले, “बाई, आमचं बोट आधीच काळं. निशाण दिसणार कुठं?” त्यांना मग अंगठ्याला लावली.

माझा नंबर आला. फळ्याआड गेलो. बटाटा पॅडवर दाबला आणि फणीवर उठवला. चांगला ठसठशीत. मनात दुसरं कधी नव्हतंच. पण चिठ्ठी हातात धरली आणि वाटलं, ही तर कुणाचीही असू शकते. बटाटा कुणीही दाबील. तिला कळणार कसं की ही मी दिली? तोंडानं तर मी उलटंच बोललो होतो. बाई चिठ्ठी उघडतील, नाव वाचतील, ती ऐकेल, मला काही बोलावं लागणार नाही. मी खिशातलं पेन काढलं आणि फणीखाली पूर्ण नावाची सही केली. आजवरची सगळ्यात चांगली आली होती. घडी घालून पेटीत टाकली आणि जागेवर येऊन ताठ बसलो.

बाई चिठ्ठ्या उघडत होत्या, एक जण सतरंजी काढलेल्या फळ्यावर रेघा ओढत होता. पाना, पाना, फणी, पाना, फणी. मग एक चिठ्ठी उघडून बाई थांबल्या. माझी सही त्यांनीच मला गिरवून शिकवलेली. एकदाच माझ्याकडं बघितलं आणि चिठ्ठी मिटली.

“ही बाद,” त्या म्हणाल्या. “कोणीतरी चिठ्ठीवर सही केली आहे. काल काय सांगितलं होतं? मत कोणाचं हे पेटीलासुद्धा कळता कामा नये. नाव लिहिलं की मत गेलं.”

“कोन शहाणा हाय तो?” मागून कुणीतरी ओरडलं. “नाव वाचा, बाई!”

“वाचणार नाही. कोणत्या निशाणीवर शिक्का आहे तेही सांगणार नाही. गुप्त म्हणजे गुप्त.” चिठ्ठी त्यांनी पर्समध्ये टाकली.

सगळे हसत होते. मीही हसलो. ते हसणं अजून मला आठवतं आणि आवडत नाही.

शेवटी पाना दहा, फणी आठ, बाद एक. चाचांनी उठून बायकोला हात जोडले. तिनंही जोडले. पण तिची नजर फळ्यावर होती. ती रेघा मोजत होती, आणि हिशेबाला ती पहिल्यापासून पक्की.

घरी येताना ती दोन पावलं मागं चालत होती. नाल्याजवळ आल्यावर म्हणाली, “आठ बाया, आठ मतं.”

मी पाय उचलले.

“बाप्यांतलं एकबी न्हाई.” नाला ओलांडल्यावर म्हणाली, “चाचा चांगला मानूस हाय. तुमी त्यास्नी दिलं असंल तर बरोबरच हाय. मला राग न्हाई.”

तिनं शिव्या घातल्या असत्या तर मी सांगितलं असतं. पण राग नाही म्हणाली आणि माझी जीभ उचलेना. सांगायचं तर काय सांगायचं? तो शहाणा मीच? तीनदा मत दिलेला, पेटी करणारा? उद्या तिनं बायांना सांगितलं, बायांनी नवऱ्यांना, तर शिफ्टला सगळी कंपनी मला सह्या मागेल.

जेवणं झाल्यावर तिनं पाटी पुसली आणि फळीवर मागं सारून ठेवली. म्हणाली, “उद्यापासनं मी न्हाई यायची वर्गाला.”

“का?”

“बस झालं. पाटी वाचता येती, तेवढं पुरं.”

बसची पाटी तिला येत होती. पण तिला पेपर वाचायचा होता, आंबेगावला दिलेल्या लेकीला स्वतःच्या हातानं पत्र लिहायचं होतं. हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं, पण लेकीचं नाव ती चुलीपुढं राखेत काढायची, ते मी बघितलं होतं. आता तिथंच थांबणार होती. आणि थांबवलं मी होतं, मत देऊन. मी म्हणालो, “तुझी मर्जी.” हेही बोललो. असा मी.

सकाळी सहाला चाळीचा नळ यायचा. तिथं बायांची रांग लागायची. बाप्यांनी तिथं जायची पद्धत नव्हती. फार तर लांबून हाक मारायची. बायको दोन हंडे घेऊन गेली, आणि मी कंपनीचे कपडे चढवून तिच्या मागोमाग नळावर गेलो. वर्गातल्या बहुतेक सगळ्या होत्या. मला बघून बोलणं थांबलं.

“काय झालं?” बायको घाबरली. “कुनाचा सांगावा आला का?”

“न्हाई,” मी म्हणालो. आवाज चढलाच, मला हळू बोलता येत नाही. “काल ती बाद झाली ती चिठ्ठी माझी. फणीवर मारला व्हता शिक्का. खाली सही केली.”

मग लातूरकडची शेजारीण म्हणाली, “अगं माय! नवऱ्यानं मत देलं, ते बी अर्ज केल्यावानी!” आणि नळावर जे हसू उठलं ते पार चाळीच्या टोकाला गेलं असेल. दोन-तीन दारांतून बाप्ये डोकावले. डोकावू दिलं.

बायको हसली नाही. माझ्याकडं बघत राहिली. “आन् काल घरी येस्तोवर तोंडात काय मूग धरलं व्हतं?”

“लाज वाटली.”

“सही कशापायी केली?”

“तुला कळावं म्हणून.”

तिनं पदर तोंडाला लावला आणि मान फिरवली. पुढच्या बाईचा हंडा भरून निघाला होता, हिचा नंबर आला होता, आणि ही जागची हलेना. मग मीच तिच्या हातातला हंडा घेतला आणि नळाखाली धरला. तो भरल्यावर दुसरा. रांगेतली एक म्हणाली, “भाऊ, आमचेबी भरा की!” मी म्हणालो, “तुमच्या मालकांस्नी सांगा.” दोन हातांत दोन हंडे घेऊन मी चाळीच्या मधल्या वाटेनं घराकडं निघालो. ती मोकळ्या हातांनी माझ्या बरोबरीनं चालत होती. मी वाटेत कुणासाठी हंडे खाली ठेवले नाहीत.