समोर जेवढे, तेवढेच आपण

बास्केटबॉलचे नियम आमच्या दाजींइतके पाठ असलेला माणूस उभ्या बीड जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्यांतला एकही नियम धड नाही असे इतक्या ठामपणे मानणाराही दुसरा सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. नांदूरघाटच्या बाजूला एका लहानशा कॉलेजात त्यांनी खेळाचे सर म्हणून सगळी नोकरी काढली. मी एसटीत वाहतूक नियंत्रक. वेळ झाली की गाडी सोडायची, मागून कोणी का पळत येईना, एवढेच मला कळते. त्यामुळे नियम बदलता येतात ही कल्पनाच माझ्या डोक्यात कधी शिरली नाही, आणि दाजींच्या डोक्यात दुसरे काही शिरत नसे.

शिट्टी त्यांच्या गळ्यात चोवीस तास. पुतणीच्या लग्नात पंगतीला वाढप्याने मधला एक म्हातारा सोडून पुढच्या पाव्हण्याला जिलबी वाढली, तर दाजींनी बसल्या जागेवरून शिट्टी फुंकली. मांडव गप्प झाला, बँडवालेसुद्धा थांबले. दाजींनी हाताच्या खुणेने वाढप्याला मागे धाडले, म्हाताऱ्याच्या ताटात जिलबी पडलेली पाहिली आणि मगच स्वतःचा घास उचलला. अक्काला ह्याचे काहीच वाटत नाही. "हार घालाया गेले तवाच शिट्टी होती गळ्यात," ती म्हणते, "तवाच वळखायला पायजे होतं."

त्यांच्या सुधारणा उन्हापासून सुरू होत. आमच्याकडची मैदाने उघडी, एका बाजूच्या पोरींच्या डोळ्यांत मावळतीचे ऊन जाते, म्हणून थोड्या थोड्या वेळाने बाजू बदलावी. वाऱ्याने बोर्ड हलला आणि नेम चुकला तर चेंडू परत त्याच पोरीला द्यावा. बास्केट करणारीला गुण मिळतात तसा तिला पास देणारीलाही अर्धा मिळावा. बरोबरी झाली तर जादा वेळ खेळवू नये, दोन्ही संघांना जिंकले म्हणावे, कारण त्या जादा वेळेत पोरींची शेवटची एसटी निघून जाते. एवढ्या एका नियमाला माझा पाठिंबा होता. पण त्यांचा लाडका नियम निराळाच. जिच्या धक्क्याने समोरची पडली, तिने स्वतः हात देऊन तिला उठवायचे, आणि उठवल्याशिवाय पंचाने शिट्टी वाजवायची नाही, खेळ सुरू करायचा नाही. मी एकदा त्यांना पेचात पकडायला म्हणून विचारले, "आणि पडलेली उठलीच नाही तर?"

"मंग बसायचं तिच्यापाशी," दाजी म्हणाले. "घाई कोणाला हाय, पाव्हणं?"

हे सगळे हसण्यावारी नेता येई. एक नियम मात्र ते हसून बोलत नसत. पाच खेळाडू मैदानात हजर नसतील तर सामना सुरूच होत नाही, समोरच्या संघाला पुढे चाल मिळते. आता आमच्या भागातून दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि कॉलेजा-कॉलेजांतले सामने नेमके तेव्हाच लागतात. नावे आधीच कळवलेली असतात, ऐन वेळी दुसरी पोर घेता येत नाही. ज्यांनी वर्षभर घाम गाळला त्या पोरी मैदानापर्यंत जातात आणि न खेळता परत येतात. दाजींचे म्हणणे होते की समोर चार आल्या तर आपणही चार उतरवाव्यात. समोर जेवढे, तेवढेच आपण. विभागीय बैठकीत ते दरवर्षी हे मांडायला उभे राहत. निवृत्तीच्या वर्षीही उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हनत्यात. एकटाच मानूस आला तर मुकादम त्याला अर्धा कोयता म्हनून घेतो, घरी धाडत न्हाई. मुकादमाला कळतंय ते आपल्याला कावून कळंना?" सभेत हशा पिकला. अध्यक्ष म्हणाले, "सर, पुढच्या वर्षी बघू." हे मला दाजींनीच जेवताना सांगितले. कुस्करलेली भाकरी तशीच ताटात राहिली.

त्या वर्षी संघात सुवर्णा होती. तिचेही कॉलेजचे शेवटचे वर्ष. उंची बेताची, पण दोन उंच पोरींच्या मधून निसटून रिंगखाली कधी पोचायची ते पंचालाही कळत नसे. तिच्याविषयी बोलताना दाजी नियमांविषयी बोलायचे थांबत, यावरून काय ते समजा. संघात जेमतेम पाचजणी उरल्या होत्या आणि ती पाचवी. दिवाळीत तिच्या आईची कंबर धरली. वडील एकटे पडले, आणि अर्ध्या कोयत्यावर त्यांचे घर चालणारे नव्हते. दाजी तिला थांबवायला म्हणून तिच्या घरी गेले, आईला उठूनही बसता येत नाही हे पाहिले, दारात ट्रॅक्टरवर भांडीकुंडी चढत होती ती पाहिली, आणि तसेच परत आले. सुवर्णा वडिलांच्या जोडीला गेली. तिकडे कोयता पुरा झाला, इकडे संघ तुटला.

सामन्याच्या दिवशी माझी सुट्टी होती म्हणून मीही गेलो. आमच्या चार पोरी गणवेश घालून रेषेवर उभ्या राहिल्या. दाजींनी पंचाला हात जोडले. "चार हायत्या. लई झटल्या वर्षभर. त्यांनी एक बसवावी, खेळू द्या." पंच भला माणूस होता, खाली मान घालून म्हणाला, "सर, माझ्या हातात काय हाय?" पुढे चाल दिली गेली. घामाचा थेंब न आलेल्या हातांनी पोरींनी समोरच्यांशी हात मिळवले आणि येताना एसटीत त्यांतल्या दोघी रडल्या. सुवर्णाची जर्सी पिशवीत घडी न मोडता परत आली. वाटेभर दाजींनी एकही नवा नियम सांगितला नाही.

टोळ्या परतल्या तेव्हा ऊन तापले होते आणि दाजी निवृत्त झाले होते. एके दिवशी ऊन कलल्यावर त्या चौघी सुवर्णाला घेऊन घरी आल्या आणि दाजींना मैदानावर ओढून नेले. अक्का आणि मीही मागोमाग गेलो. "आता पाच हाव, सर," सुवर्णा म्हणाली, "पर समोर कोन न्हाई."

"मी हाय की," म्हणत दाजी पलीकडे जाऊन उभे राहिले. पाचही जणी हसत पुढे आल्या तशी शिट्टी वाजली. "समोर जेवढे, तेवढेच. एकटी सुवर्णा यील."

चौघींनी तिच्या अंगावर जर्सी चढवली आणि कडेला बसल्या. पहिला चेंडू तिच्या हातून सुटला. तळव्यांना घट्टे पडले होते, एका बोटाला चिंधी बांधली होती. दुसऱ्या वेळी मात्र ती जुन्यासारखीच निसटली, तिचा खांदा दाजींना लागला, दाजी सिमेंटवर बसले आणि चेंडू रिंगमधून खाली आला. अक्का ओरडली. मी धावलो, तर दाजींनी तळवा दाखवून मला जागच्या जागी थांबवले. "तुमी न्हाई, पाव्हणं. तिनं उठवायचं."

सुवर्णाने हात पुढे केला. दाजींनी तो धरला, उलटा करून तळवा पाहिला, आणि धरूनच बसून राहिले.

"सर, उठा की. लागलं का?"

"घाई हाय का तुला?"

तिने नाही अशी मान हलवली आणि ती त्यांच्यापाशी खाली बसली. चौघीही उठून तिथे आल्या. ऊन सगळ्यांच्या डोळ्यांत जात होते, पण बाजू बदलायचे कोणी बोलले नाही. शिट्टी वाजेपर्यंत खेळ थांबलेलाच राहणार होता, आणि ती दाजींनी बराच वेळ वाजवली नाही.