वाळूवर ठेवलेली टोपी

माझा आवाज मऊ आहे. आमच्या इव्हेंट कंपनीत अवघड निरोप माझ्याच हाती दिले जातात, ते त्यामुळेच. ज्याला नकार कळवायचा असतो, ज्याचा कार्यक्रम कापायचा असतो, त्याच्याकडे मला पाठवतात. मी चहा मागवतो, घरच्यांची विचारपूस करतो, आणि समोरचा माणूस उठतो तेव्हा त्याने सारे मान्य केलेले असते. या गुणाचा मला बरीच वर्षे अभिमान होता.

गेल्या हिवाळ्यात अबुधाबीतल्या एका उत्सवासाठी आम्ही किर्गिझस्तानातून घोडेस्वारांचे पथक आणले. पथक कसले, ते एक घराणेच होते: माझ्याहून थोडा मोठा बाप, त्याची मुलगी आणि दोन पुतणे. घोडे उम्म अल कुवैनच्या एका तबेल्यात ठेवले होते आणि तालमीही तिथल्याच रिंगणात चालत. अबुधाबीजवळच्या खलिफा सिटीतल्या माझ्या घरापासून ते अंतर मोठे. तरी मी कारण काढून जात असे.

तरुणपणी सर्कशीबरोबर भारताचा दौरा केल्यामुळे बापाला मोडकी हिंदी येत होती. अडले की मुलगी इंग्रजीतून पूर्ण करी. मी त्याला उस्ताद म्हणे, तो मला भाई. त्याच्या आजोबांच्या काळी हे सारे खेळ डोंगरातल्या कुरणांवर होत, लग्नात नाहीतर मोठ्या जेवणावळीच्या दिवशी. भरधाव घोड्यावरून खाली लोंबकळून जमिनीवरचे नाणे उचलणे हा त्यांतला एक. पुढे सोव्हिएत अमलात शहरातून माणसे आली, चांगले स्वार निवडून त्यांना मॉस्कोला घेऊन गेली आणि तिथे त्यांना रिंगणात घोडा दौडवायला शिकवले. खेळाचा पेशा झाला. पगार, पोशाख, राजधानीत सर्कशीची पक्की इमारत, सगळे आले.

“घोडा सरळ पळतो,” तो एकदा म्हणाला. “लोकांना खुर्चीत बसून बघायचं होतं, म्हणून त्याला गोल फिरवलं. आजोबा म्हणायचे, घोडा आठवड्यात शिकला, मला मात्र वर्षभर चक्कर येत होती.”

आजोबांनी सर्कशीला सगळे दिले, एक गोष्ट सोडून. डोक्यावरची पांढरी नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची उंच टोपी, जिला ते कल्पाक म्हणतात, ती जमिनीवर ठेवायची नाही. उतरवायची ती दोन्ही हातांनी, ठेवायची ती उंचावर. मॉस्कोच्या शिक्षकांनी नाण्याऐवजी ती टोपी उचलण्याचा आग्रह धरला होता, कारण लांबून ती उठून दिसते. आजोबांनी नकारार्थी मान हलवली आणि रुमाल पुढे केला. शिक्षकांनीही शेवटी हट्ट सोडला. तेव्हापासून त्या घराण्यात रुमालच उचलला जाई.

आमच्या दिग्दर्शकाने पहिल्याच तालमीत तीच मागणी केली. “हबीबी, रुमाल कोणाला दिसतो? टोपी हवी. नाही जमत म्हणत असतील तर हा भाग खलास.” मग माझ्याकडे वळून हसत म्हणाला, “तू बोल. तुला कोणी नाही म्हणत नाही.”

तो भाग मुलीचा होता. घराण्याची मुख्य स्वार म्हणून तिचा तो पहिलाच हंगाम. सोव्हिएत अंमल सरल्यावर देशातले घोडे विकले गेले होते, सोबतचे कलाकार मिळेल त्या देशात पांगले होते. इथे तिचे नाव झाले नाही, तर बापानंतर हा खेळ करणारे कोणी उरणार नव्हते. हे मला ठाऊक होते. माझे वडील रत्नागिरीला नमाजानंतर टोपी घडी करून फडताळाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवत. खाली पडलीच तर उचलून डोळ्यांना लावत. म्हणजे तेही मला ठाऊक होते.

तरी मी उस्तादाकडे गेलो. तबेल्याच्या सावलीत चहा मागवला, मुलीचे कौतुक केले आणि हळू आवाजात एक तोड सुचवली: टोपी खरी नकोच, आमचे कारागीर फोमची करतील, वर पांढरे कापड. ती टोपी नव्हेच, नुसते सामान. मुलीने भाषांतर करताना माझ्याकडे पाहिले नाही. तो बराच वेळ पेला फिरवत राहिला. मग म्हणाला, “तू म्हणतोस तर ठीक.”

परतताना गाडीत मला समाधान वाटत होते. ते मी लपवणार नाही.

पुढच्या तालमीत पुतणे पुढे आणि मुलगी मागे अशी ती तिघे भरधाव आली. पुढच्या घोड्यांमुळे उठलेल्या वाऱ्याच्या झोताने फोमची टोपी उडून सरकली. तिने हात लांबवला, आणखी लांबवला, आणि खोगिरावरून तिचा तोल गेला. एक पाय रिकिबीत, खांदा आणि वेणी वाळूवर घासत ती अर्धे रिंगण ओढली गेली. मग कशीबशी वर चढली. खांदा सोलवटला होता.

“यल्ला, पुन्हा,” दिग्दर्शक म्हणाला.

तिने घोडा वळवला. तेव्हा बाप रिंगणात आला. त्याने फोमची टोपी कुंपणाबाहेर भिरकावली, दोन्ही हातांनी स्वतःची टोपी उतरवली आणि वाकून वाळूवर ठेवली. नमदा जड असतो. ती हलली नाही.

मुलगी पहिल्या फेरीत न वाकताच टोपीशेजारून निघून गेली. बाप त्यांच्या भाषेत काहीतरी ओरडला. दुसऱ्या फेरीत तिने टोपी उचलली. दिग्दर्शकाने टाळ्या वाजवल्या. माझे बोलणे आधीच होऊन गेले होते.

तो काय म्हणाला, हे मी नंतर तिला विचारले. ती म्हणाली, “ती टोपी नाही, रुमाल आहे, असं म्हणाले, सर.”

उत्सवात सर्वांत मोठ्या टाळ्या त्या क्षणाला पडत. माझी इथेच वाढलेली मुलगी मैत्रिणींना घेऊन आली होती. घरी जाताना मी तिला सारी हकिकत सांगितली. ती म्हणाली, “बट अब्बा, ही अग्रीड, नो?”

टोपी खेळाच्या सामानातच राहिली आणि हंगाम संपेपर्यंत उस्ताद उघड्या डोक्याने वावरला. विमानतळावर निरोप द्यायला मी गेलो, तेव्हा ती टोपी झटकून, स्वच्छ कापडात गुंडाळून नेली होती. त्याने गाठोड्याला हात लावला नाही.

“रुमालाचं मी काय करू, भाई? तुमच्या सामानातला आहे तो.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते. त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, “इथे इतक्या लोकांत तूच आमच्याशी नीट बोललास.” तो मनापासून बोलत होता. मुलगी बाजूला उभी होती. तिला ते भाषांतर करावे लागले नाही, म्हणून बहुधा तिला बरे वाटले असावे.

टोपी मी परत आणली. माझ्या घरी ठेवण्याचा मला हक्क नव्हता, म्हणून ती कंपनीच्या गोदामात वरच्या फळीवर ठेवली. परवा पाहिले, तर कोणीतरी ती इतर पोशाखांबरोबर खालच्या पेटीत टाकली होती. या हिवाळ्यात दुसरे पथक येणार आहे. दिग्दर्शकाने मला त्यांच्याशी बोलून ठेवायला सांगितले आहे.