केळीच्या पानावरची बी.ए.

किस्से काही मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. माळ्यावर रिकामे डबे साठतात तसे ते आपोआप साठतात, आणि एखादा काढायला गेलं की सगळे खणखणत अंगावर येतात! आमच्या कंपूचे किस्से मी तर दाराला कडी लावूनच सांगतो. घरात सून आली आहे, आणि हेडमास्तर म्हणून जळगावात थोडीफार इज्जत आहे. ती आजवर टिकली कशी, याचंच मला नवल वाटतं.

आम्ही पाच जण. सगळे खानदेशातले, पुण्याला एकाच होस्टेलात राहून शिकलेले. दत्तू आता धुळ्याला नावाजलेला वकील. भाल्या जळगावात डॉक्टर. रामाची शिंदखेड्याला कापसातली सरकी काढायची जिन आहे आणि दगडूची असोद्याला केळी-कपाशी. पाचवा मी. कॉलेज सुटून जमाना झाला, देश स्वतंत्र झाला, निम्म्यांच्या दाढा पडल्या. पण दर हिवाळ्यात भाल्याच्या परसात आमची भरीत-पार्टी होतेच. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, आणि होस्टेलातल्या सगळ्या रीती जशाच्या तशा पाळायच्या.

त्या रीतींनीच आमचा घात केला.

* * *

पहिली रीत अशी की पार्टीत कुणी कुणाला 'अहो' म्हणायचं नाही. म्हटलं, की कान धरून उठाबशा!

एका वर्षी दत्तू कोर्टातूनच थेट आला. अजून अंगात काळा कोट, डोक्यात कोर्ट. आल्या आल्या म्हणाला, "अहो डॉक्टर, जरा पाणी द्या."

झालं! चौघांनी एकच कल्ला केला. ओसरीवर काळ्या कोटात दत्तूच्या उठाबशा सुरू झाल्या. आम्ही मोजत होतो, तो घामाघूम होत होता, आणि एवढ्यात फाटक वाजलं. दत्तूचा एक पक्षकार त्याला शोधत शोधत धुळ्याहून आला होता. काखेत कागदांचं बोचकं, दुसऱ्या दिवशी तारीख.

बिचारा फाटकातच थबकला. चार उठाबशा बघितल्या. मग हळूच मला म्हणाला, "वकीलसाहेबांनाच शिक्षा झाली. मग माझं काय व्हायचं?"

आणि बोचकं घेऊन तो आल्या पावली परत गेला. त्याने दुसरा वकील केला, आणि खटला जिंकला! हे दत्तूला अजून जास्त लागतं.

* * *

होस्टेलात कुणाला हाक मारायची तर खिडकीखाली उभं राहून शीळ घालायची. लांब, वर जाणारी, शेवटी एक झटका देणारी. रामाची शीळ सगळ्यांत फक्कड.

एकदा रामा पहाटेच्या पॅसेंजरने जळगावला उतरला आणि सरळ भाल्याच्या घराखाली जाऊन शीळ घालू लागला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की भाल्याने घर बदललंय. त्या घरात आता एक फौजदार राहत होते. त्यांच्या घरात तीन उपवर मुली होत्या.

धोतर, कोट, काळी टोपी आणि पिकलेल्या मिशा अशा थाटात रामा खिडकीखाली उभा राहून शीळ घालतोय! दुसऱ्या शिळेला फौजदार स्वतःच बाहेर आले.

मला निरोप आला तेव्हा रामा चौकीतल्या बाकावर बसला होता. मला बघताच ओरडला, "मास्तर, सांग ना याले, मी सज्जन शे!"

फौजदारांनी मला खुर्ची दिली. मी घसा साफ करून सांगितलं, की हे माझे कॉलेजचे मित्र आहेत, आणि ते दुसऱ्या एका मित्राला बोलावत होते.

"शीळ घालून?"

"हो."

"या वयात?"

मी टोपी काढून पुन्हा घातली. फौजदार सज्जन निघाले, सोडून दिलं. पण त्यांचा धाकटा चिरंजीव माझ्याच शाळेत होता. सोमवारी मी नववीच्या वर्गात पाय ठेवला, आणि मागच्या बाकावरून आली की हो शीळ! लांब, वर जाणारी, शेवटी झटका देणारी. कुणाला छडी मारायची माझी छाती झाली नाही.

* * *

चोरीच्या वांग्याशिवाय भरताला चव नाही, हा होस्टेलातला सिद्धांत. वाढत्या वयात पुष्कळ सिद्धांत सुटतात, हा मात्र सुटला नाही.

एकदा गावाबाहेरच्या एका मळ्यात भाल्या वांगी तोडायला वाकला तो वाकलेलाच राहिला. कमरेत उसण भरली! आम्ही कुंपणापाशी पहारा देत होतो. मालक येताना दिसल्याबरोबर आम्ही पळालो. हो, पळालो. शहरातले प्रतिष्ठित नागरिक!

मालक भाल्याचाच पेशंट निघाला. त्याने डॉक्टरांना बैलगाडीत घातलं, घरी पोचवलं, वर टोपलीभर वांगीही दिली. प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण माणूस फार प्रेमळ. दर बाजाराच्या दिवशी तो भरल्या दवाखान्यात वांग्यांची टोपली घेऊन यायचा आणि सगळ्या पेशंटांच्या देखत मोठ्याने म्हणायचा, "घ्या डॉक्टर! आता चोरायला येऊ नका, कंबर जपा!"

* * *

जेवणाला उशीर झाला की मेसमध्ये आम्ही ताटं बडवायचो. एका वर्षी भाल्याच्या परसात तेच केलं. पितळी ताटं, पाच जोडी हात, वर रामाच्या आरोळ्या, "भूक लागनी शे! भूक लागनी शे!"

पुढच्या खोलीत भाल्याच्या मुलीला बघायला अमळनेरचे पाहुणे आले होते. हे आम्हाला माहीत नव्हतं. भाल्याला माहीत होतं, पण ताट हातात आल्यावर तो विसरला.

मुलाच्या वडिलांनी दचकून विचारलं, "घरात कुणी आजारी आहे का?"

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "हो. पाच जण."

लग्न जमलं. पण पंगतीत आम्हा पाचांना पाच वेगवेगळ्या टोकांना बसवलं होतं. व्याह्यांची तेवढी एकच अट होती.

* * *

आता शेवटची रीत. तिचं नाव पदवीदान.

दगडू बी.ए.ला नापास झाला होता. आम्ही चौघे आपापल्या परीक्षांत पास, तो एकटा नापास. निकालाच्या दिवशी तो फार रडला, म्हणून त्याला हसवायला आम्ही होस्टेलातच त्याचा पदवीदान समारंभ केला. दत्तू कुणाचासा काळा झगा घालून कुलगुरू झाला, गुंडाळलेल्या वर्तमानपत्राची पदवी झाली, आम्ही टोप्या उडवल्या. दगडू हसला. त्याच महिन्यात त्याचे वडील गेले, तो असोद्याला परतला, आणि परीक्षेला पुन्हा बसणं राहूनच गेलं.

पदवीदान मात्र राहिलं नाही! दर वर्षी भरीत झालं की दत्तू कोट चढवून उभा राहायचा, दगडू मान खाली घालून पुढे जायचा, आणि आम्ही टोप्या उडवायचो. वर्तमानपत्र जाऊन आता केळीचं पान आलं होतं, सुतळीने बांधलेलं. ते पान दगडू स्वतःच असोद्याहून घेऊन यायचा. सगळ्यांत मोठ्याने तोच हसायचा. मग आम्हाला तरी काय कळणार, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे.

एक गोष्ट मात्र होती. असोदा जळगावपासून किती लांब? टांग्याने गप्पा संपायच्या आत येतं. पण इतक्या वर्षांत दगडूने आम्हाला एकदाही घरी बोलावलं नाही. आम्ही त्याला कंजूष म्हणायचो. आणि एका हिवाळ्यात ठरवलं, की न बोलावता जायचं! भरताची वांगी तर असोद्याचीच, मग भरीतही असोद्यालाच.

आमचा टांगा खळ्याशी थांबला तेव्हा दगडू काड्या रचत होता. आम्हाला बघून त्याचा चेहरा खुलला. मग दत्तूच्या हातातला काळा कोट दिसला, आणि खुललेला चेहरा पडला.

मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, सगळं करू. भरीत करू, ताटं वाजवू. पण आज तेवढं पदवीदान नको. माय घरी आहे. तिला मी तेव्हा सांगितलं होतं, निकाल राखून ठेवलाय म्हणून. पुढे कधी खरं सांगायला तोंडच झालं नाही. ती अजून अधूनमधून विचारते."

मी दत्तूच्या कानात सांगितलं. दत्तू खदखदून हसला. "अरे वा! मग आज निकाल जाहीर करून टाकू!"

आणि मीही हसलो. इथे मी थांबवायला हवं होतं. हेडमास्तर होतो, एरवी दिवसभर तेच करतो.

जेवणं झाली. दगडूने पान आणलं नव्हतं, रामानेच बांधावरून कापून आणलं. दत्तूने कोट चढवला आणि कोर्टातल्या आवाजात गर्जला, "असोदा निवासी दगडू यांस, त्यांच्या अंगच्या विद्वत्तेकडे बघून, बी.ए. ही पदवी आज देण्यात येत आहे!"

आम्ही टोप्या उडवल्या. दगडू जागचा हलला नाही.

ओसरीवरच्या बाजेवरून आवाज आला, "कोनाचा निकाल लागला व?"

म्हातारी उठून बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. भाल्या इतकी वर्षं डॉक्टरकी करतोय, पण मित्राच्या आईला दिसत नाही हे त्याला त्या दिवशी कळलं.

दगडूची बायको दाराशी उभी होती. म्हातारीने पुन्हा विचारलं, "माह्या दगडूचा का?"

दगडूने दत्तूकडे पाहिलं. शेवटी दत्तूच कसाबसा म्हणाला, "हो, माय."

"पुन्याहून आले का साहेब? दे बरं माह्या हातात."

दत्तूने आमच्याकडे पाहिलं. आम्ही जमिनीकडे पाहिलं. मग त्याने पुढे होऊन ती गुंडाळी तिच्या हातावर ठेवली.

म्हातारीने सुतळी सोडली. पान उलगडलं. त्याच्यावरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बोटं फिरवली. मधल्या दांड्यावर बोटं थांबली. ज्या बाईचा सगळा जन्म केळीच्या बागेत गेला, तिची बोटं होती ती.

तिने पानाची पुन्हा नीट गुंडाळी केली, सुतळी बांधली आणि कपाळाला लावली.

"साखर आन व सूनबाई," ती म्हणाली. "साऱ्याइले वाट. माहा दगडू पास झाला."

साखर आली. चिमूटभर प्रत्येकाच्या तळहातावर पडली. दगडूने पाठ फिरवून उपरण्याने तोंड पुसलं.

मग म्हातारीने दत्तूच्या आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि अगदी साधेपणाने विचारलं, "साहेब, माह्या पोऱ्याचं तं झालं. आता हे बाकीचे कव्हा पास व्हतीन?"