डाव्या हाताचा खेळ

छापखान्यात तिला सगळे टकटकबाई म्हणत. बोटं टाइपरायटरवर शिकलेली. कॉम्प्युटरचा कीबोर्ड कितीही मऊ असो, ती तो बडवायचीच. बाई आज कामावर आल्यात, हे रस्त्यावरून जाणाऱ्यालासुद्धा कळे. त्या जागेवर आता चष्म्यांचं दुकान झालंय. तरी तिथून जाताना तिला शाईचा आणि ओल्या खळीचा वास आल्यासारखा वाटतो, आणि पाऊल आपोआप मंदावतं.

मालकांनी दोन कॉम्प्युटर आणले तेव्हा ती नुकतीच लागली होती. एक तिच्यासाठी आणि दुसरा खिडकीजवळच्या कामगारासाठी. त्याचं नाव छापखान्यानं मौनीबुवा पाडलं होतं. दिवसभरात त्याच्या तोंडून चार शब्द पडले तर भाग्य म्हणायचं.

टायपिंगमध्ये ती कुणाला हार जाणारी नव्हती. पण माउस हातात आला की तिची गाळण उडे. टेबल संपायचं, तरी बाण पडद्याच्या कडेला पोचलेला नसायचा. माउस उचलून पुन्हा मागे ठेवायचा असतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती खुर्चीसकट सरकायची. पुस्तकं बांधणारे काका दारातून ओरडायचे, "बाई, उंदीर आवरत नसेल तर मांजर आणून देऊ का?"

एके दिवशी तो माउस टेबलावरून पडला आणि कायमचा गप्प झाला. मालक म्हणाले, "पुढच्या आठवड्यात बघू." त्यांचा पुढचा आठवडा कधी उजाडत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती रडकुंडीला आली. तेवढ्यात मौनीबुवा उठला. त्यानं आपल्या मशीनचा माउस काढला, तिच्या मशीनला जोडून दिला आणि परत जागेवर जाऊन बसला.

"अहो, आणि तुम्ही काय करणार?"

"मला नाही लागत."

तिला वाटलं, उगाच मोठेपणा करतोय. मग ती तिरक्या नजरेनं बघू लागली. त्याचे हात कीबोर्डवरून हलतच नव्हते. अख्खा परिच्छेद काळा व्हायचा, नाहीसा व्हायचा आणि दुसऱ्या पानावर जाऊन बसायचा. शेवटी तिला राहवेना.

"हे कसं केलंत?"

आणि मौनीबुवा बोलायला लागला. आधी ज्या ठिकाणी तो होता, तिथे टेबल इतकं अरुंद होतं की माउस ठेवायला जागाच नव्हती. म्हणून मेन्यूतल्या नावांखालच्या अधोरेखित अक्षरांवरून तो एकेक गोष्ट शोधत गेला. शिफ्ट धरून बाणाची कळ दाबली की मजकूर निवडला जातो. कंट्रोलबरोबर एक्स म्हणजे कापणं, सी म्हणजे नक्कल, व्ही म्हणजे चिकटवणं. झेड दाबलं की झालेली चूक मागे. "सगळी अक्षरं खालच्या ओळीत, शेजारी शेजारी. नुसता डाव्या हाताचा खेळ. उजवा हात मोकळाच."

"मोकळा कशासाठी?"

"चहासाठी," तो म्हणाला, आणि स्वतःच लाजला.

पुढे पुढे तिलाही माउस नकोसा झाला. मालकांनी अखेर नवा आणला, तेव्हा दोन्ही माउस धूळ खात पडले. "एवढी पायपीट करून आणला, आणि तुम्ही दोघं त्याला शिवतही नाही!" मालक तणतणले.

त्याची एकच खोड तिला खपत नसे. तिच्या मागून जाताना तो वाकायचा आणि डाव्या हातानं तिचं काम सेव्ह करायचा. "माझ्या कीबोर्डला हात लावायचा नाही," तिनं बजावलं होतं. तो मान डोलावी आणि पुन्हा तेच करी.

मग एका दुपारी, एका शाळेच्या वार्षिक अंकाचं काम चाललेलं असताना वीज गेली. पडदा काळा. सकाळपासूनची मेहनत पाण्यात गेली म्हणून ती तोंड झाकून बसून राहिली. वीज आली, तिनं फाइल उघडली. सगळं जागच्या जागी होतं. शेवटच्या दोन ओळी तेवढ्या गेल्या होत्या.

"तुम्ही मघाशी इकडून गेलात?"

"गेलो."

"हात लावू नका म्हणून सांगितलं होतं ना?"

"हो."

ती त्याच्याकडे बघत राहिली आणि खळखळून हसली. लग्नाचं विचारलंही तिनंच. "तुमच्या घरी बोलायचं कुणाशी, ते सांगा. तुमच्याशी बोलून काही निष्पन्न व्हायचं नाही."

छापखाना बंद पडला, तेव्हा त्यांची मुलगी शाळेत जायला लागली होती. त्यांनी घराच्या मागच्या खोलीत काम सुरू केलं आणि त्यावरच संसार उभा केला. मुलगी शिकली, नोकरीला परगावी गेली, आणि त्याच वर्षी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. आधीच अबोल माणूस, आता जीभही जड झाली. तो भिंतीकडे तोंड करून पडून राही. "डावा हात चांगला आहे तुमचा. या, बसा शेजारी," ती विनवायची. तो डोळे मिटून घ्यायचा.

मग तिनं वेगळाच डाव टाकला. त्याला खुर्चीत बसवलं, कपाटातून माउस काढला आणि त्याच्यादेखत माउसनंच काम सुरू केलं. एकेक ओळ निवडायला मुद्दाम युगं लावायची. बाण भलतीकडे न्यायची. दोन दिवस त्यानं सोसलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या तोंडून अडखळत, पण स्पष्ट बाहेर पडलं, "काय... हे... चाललंय!" आणि डाव्या हातानं त्यानं कीबोर्ड आपल्याकडे ओढला.

तिनं तोंड फिरवून डोळे पुसले. वर म्हणाली, "मग करा की तुम्ही!"

तेव्हापासून एका कीबोर्डवर दोन माणसं. अक्षरं तिची; कापणं, चिकटवणं, सेव्ह करणं त्याचं. बोटं एकमेकांवर आदळत, भांडणं होत. मुलगी सुट्टीत घरी आली की दारातच हसायची, "आई, बाबा, मी आल्येय हो! आधी भांडण सेव्ह करा आणि इकडे बघा."

पुष्कळ वर्षं असं चाललं. गेल्या हिवाळ्यात तो गेला.

काम तिनं सोडलेलं नाही. कुणाचे लेख असतात, कुणाचं पुस्तक असतं. आता कामाला वेळ लागतो. परिच्छेद टाइप करून संपला की ती थांबते, शेजारच्या खुर्चीकडून काही व्हायची वाट बघितल्यासारखी. मग भानावर येऊन स्वतःच कंट्रोल दाबते. मुलगी फोनवर म्हणते, "आई, आता पुरे कर ना ते काम."

"पुरे कशाला?" ती म्हणते. "होईल सवय."