रूथच्या चौकशीला आलेले पाव्हणे

‘…शनिवारी यायचं म्हणालेत. आता पसंत पडली तर म्हसवडला जावं लागंल तिला, आणि…’

एवढंच ऐकलं मी, आणि नेमकी त्याच वेळी माझ्या कुकरनं शिट्टी मारली! पुढचं सगळं वाफेत गेलं.

आता मला सांगा, शेजारच्या मार्थाताई भिंतीपलीकडं फोनवर असं बोलत असतील आणि त्यांच्या घरात लग्नाची पोर असेल, तर शहाण्या माणसानं काय समजायचं? मी तेच समजले. रूथला बघायला येणार! मी कपडे वाळत घालून होईतोवर आमच्या सांगलीच्या त्या अख्ख्या गल्लीला कळलं होतं. कसं कळलं ते विचारू नका.

रूथ म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत वाढलेली पोर. बाप चर्चमध्ये पेटी वाजवतो, तीही छान वाजवते. पुण्याला जाऊन देवाधर्माचं मोठं शिक्षण घेऊन आली होती, हे मला ठाऊक होतं. पण मला वाटायचं, शिकली असेल हौसेनं. आमच्याकडं पुजारी म्हटलं की बाप्यामाणूसच बघितलेला. त्यापुढं माझं डोकं चाललंच नाही.

शनिवारी दुपारी दारात दोघं उभी. एक टोपीवाले म्हातारे आणि एक चष्म्याच्या बाई.

“शेजारच्या रूथबद्दल जरा विचारायचं होतं,” म्हातारे म्हणाले.

आमच्या भागात स्थळाची खरी चौकशी शेजारीच होते. मुलीच्या आईबापाला काय विचारायचं, ती चांगलंच सांगणार! आणि या कामात माझा हात धरणारं गल्लीत कुणी नाही. मी पदर खोचला, चहा टाकला, आणि सुटले.

“स्वभावाला कशी आहे?” बाईंनी विचारलं.

“गाय हाय गाय! तोंडातनं शब्द निघायचा न्हाई.”

बाईंनी म्हाताऱ्यांकडं बघितलं. “चार माणसांत बोलते ना?”

“छ्या! चार माणसं आली की आत सैपाकघरात!”

“आणि लोकांच्या घरी जाणंयेणं?”

“नाव न्हाई! दिवं लागायच्या आत घरात. कुणाच्या उंबऱ्याला पाय लावायची न्हाई.”

म्हाताऱ्यांनी कप खाली ठेवला. “देवाधर्माची ओढ तरी?”

मी म्हटलं, हं! पोरगी फार देवभोळी असेल अशी शंका दिसतेय यांना. संसार कोण करणार मग? मी लगेच निवारण केलं. “आवं, तसलं लय वेड न्हाई तिला. जाती आपली रविवारी. तुमी सांगाल तर तेबी बंद करंल!”

दोघं चहा अर्धा टाकून उठली. मला वाटलं, आनंदानं घाई झाली.

संध्याकाळी साखर घेऊन मी मार्थाताईंकडं गेले. “तोंड उघडा! जमलं म्हणून समजा. मी सगळं येवस्थित सांगितलंय.”

“काय जमलं, वैनी?”

“रूथचं लगीन!”

मार्थाताईंनी माझा साखरेचा हात बाजूला सारला. “आवं, ते म्हसवडच्या चर्चचा कारभार बघणारं वडील लोक! रूथला पाळक म्हणून बोलवायचं का न्हाई ते ठरवायला आलेत. उद्या हितल्या चर्चमध्ये तिचा उपदेश ऐकून सांगणार हायती.”

पाळक म्हणजे त्यांचा उपदेश करणारा, आजाऱ्याला भेटणारा, लग्न-मयताला उभा राहणारा माणूस. आणि मी काय सांगून बसले होते? बोलत नाही, कुणाकडं जात नाही, देवाचंही सोडून देईल!

रूथ पेटीशी बसली होती. याआधी दोन ठिकाणी बाई पाळक नको म्हणून तिला परत पाठवलं होतं, हे मला तेव्हाच कळलं. म्हसवडकरांनी निदान बघायला तरी माणसं धाडली होती. तिनं पेटीचा भाता हळूच बंद केला.

“असू दे काकू. तुमी चांगल्यासाठीच बोलला.”

त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

रविवारी जन्मात पहिल्यांदा मी चर्चमध्ये गेले. रूथ काय बोलली ते सगळं कळलं असं नाही, पण माझ्या शेजारची म्हातारी डोळे पुसत होती, म्हणून मीही पुसले. उपासना सुटल्यावर पायरीवरच त्या दोघांना गाठलं.

“काल मी समदं खोटं बोलले! ती गाय न्हाई! बोलाय लागली की थांबत न्हाई! नळाच्या पाण्यावरनं माझ्याशी असली भांडली म्हणताय! आणि घरात कवा सापडंल तर शपथ! कवाबी बघा, कुणाच्यातरी दारात!”

मार्थाताईंनी कपाळाला हात लावला. चष्म्याच्या बाईंनी विचारलं, “कुणाच्या दारात?”

“कुणाच्या म्हंजे? आमचं हे दवाखान्यात हुतं, तवा माझ्याच. रोज डबा घेऊन यायची. मी रोज तेच रडगाणं गायची. माझ्या पोटच्या पोराला कटाळा आला, तो फोन उचलंना. ही पोर मात्र रोज पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकायची.”

म्हाताऱ्यांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, “किती वरसं शेजारी हाय तुमी?”

“ती जन्मल्यापासनं.”

“आणि भांडली किती येळा?”

“ती येकदाच.”

ते चष्म्याच्या बाईंकडं वळले. “झालं मग! जिनं ह्या बाईंना आजवर सांभाळलं, तिला आपली मंडळी काय जड जातीय?”

पायरीवरची सगळी माणसं हसली. मी हात जोडून त्यांचे आभार मानले.

तर बातमी अगदीच खोटी नव्हती. पाव्हणे आले, रूथ पसंत पडली, म्हसवडला गेली. नवरामुलगा तेवढा निघाला नाही.

त्या रविवारी घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, “बघा! म्हसवडच्या माणसांनी माझ्या शब्दावर पोरीला घेतली.” आणि म्हाताऱ्यांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

हे इतके हसले, इतके हसले, की ठसका लागला. मी पाणी दिलं, पाठ चोळली, आणि पाठ चोळता चोळता ते वाक्य मला कळलं.