नव्वद टक्क्यांवर अडकलेला वर्ग

पासवर्ड टाकताना तो मोठ्याने म्हणणे. कोणतंही बटण दिसलं की आधी दाबणे, मग चष्मा लावून वाचणे. संगणक सुरू करण्याआधी त्याच्या पाठीवर हात ठेवणे, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. फोन आला की "बोला" न म्हणता "काय अडकलंय?" म्हणणे. माऊस सरकेनासा झाला की त्याच्या पोटात शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडणे. हे शेवटचं एकदाच झालं, कारण माऊस एकच होता.

या सगळ्या सवयी काकांच्या. ते आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. चाळीस वर्षं त्यांनी शिलाई मशीनं दुरुस्त केली. डोळे थकले तसं दुकान बंद केलं. त्यानंतर त्यांना कोणी काही विचारेना. ते खिडकीत बसून समोरच्या शिंप्याच्या मशीनचा आवाज ऐकत आणि पट्टा सैल झालाय असं काकूंना सांगत. काकू तरी किती ऐकणार. मग एका प्रशिक्षण केंद्राच्या मॅडमनी त्यांना ऑनलाइन वर्ग दिला. घरच्या मशीनची देखभाल, दहा धडे, सतरा विद्यार्थिनी. सगळ्या घरी शिवणकाम करणाऱ्या. त्यांना दुरुस्तीवाला मिळत नव्हता आणि काकांना दुरुस्ती.

माझं नुकतंच साहित्यात एम.ए. झालं होतं, म्हणजे मी घरी होते. काकांनी मला मदतीला बोलावलं. साहित्य शिकलेल्या मुलीला टायपिंग येतंच, असं त्यांनी धरून चाललं होतं.

नऊ धडे आठवड्यात झाले. सुई, बॉबिन, दोऱ्याचा ताण, पट्टा, तेल. दहावा धडा मोठा होता. मशीन पूर्ण उघडायचं, पुसायचं आणि परत बसवायचं. तो सोमवारी करू असं ठरलं. रविवारी काकांना वर्गाच्या साइटच्या कोपऱ्यात 'जोडण्या' असं लिहिलेलं बटण दिसलं.

वर्गाला जास्तीच्या सोयी जोडायची ती जागा होती. मशीनच्या सुईखाली कापड दाबणारा पाय जसा चेन लावायला वेगळा, काजाला वेगळा, तसंच हे, असं मी समजावलं. ही उपमा द्यायला नको होती. काकांनी आयुष्यात एकही पाय न लावून पाहता डब्यात परत ठेवला नव्हता.

पहिल्या दिवशी त्यांनी टाळ्या जोडल्या. बरोबर उत्तर दिलं की फोनमधून टाळ्यांचा कडकडाट. आवाज कमी करायची सोय होती, ती काकांनी शोधली नाही. एका विद्यार्थिनीची सासू दुपारच्या झोपेतून दचकून उठली आणि कोण जिंकलं म्हणून विचारत बाहेर आली. दुसऱ्या दिवशी "तुम्ही तिथेच आहात का?" हा प्रश्न जोडला. धडा चालू असताना तो दर दोन मिनिटांनी पडद्यावर यायचा. बायका मनापासून उत्तरं द्यायच्या. एकीने लिहिलं, हो, पण कपडे वाळत घालतेय. काका वाचून गहिवरले. बघ, म्हणाले, सगळ्या बोलायला लागल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी झाड जोडलं.

प्रत्येकीला पडद्यावर एक कुंडी मिळायची. साइटवर आलं की झाडाला पाणी मिळतं. दोन दिवस आलं नाही की पानं माना टाकतात. यामुळे विद्यार्थी नियमित येतात, असं तिथे लिहिलं होतं. ते खरं निघालं. सतराजणी दिवसातून चार-चार वेळा यायच्या, पाणी घालायच्या आणि जायच्या. कुंडी बदलता येईल का, अशी विचारणा झाली. एक परगावी जाताना जावेला पासवर्ड देऊन गेली. काकूंनी चाचणीपुरतं नाव घातलं होतं, त्यांच्या झाडाला सगळ्यांच्या आधी कळी आली. त्यांनी ती बातमी समोरच्या शिंप्यालाही सांगितली.

दोन आठवडे असेच गेले. गुरुवारी मॅडमचा फोन आला. त्यांचा आवाज शांत होता, म्हणून काका घाबरले. सतरापैकी एकीनेही अभ्यासक्रम पूर्ण केलेला नव्हता. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत निदान बाराजणी शंभर टक्क्यांवर आल्या नाहीत, तर केंद्र वर्ग बंद करणार होतं. काकांनी फोन ठेवला आणि खिडकीकडे पाहिलं. मला ते पाहणं आवडलं नाही.

आम्ही यादी उघडली. सतराही जणी नव्वद टक्क्यांवर थांबल्या होत्या. इकडे नाही की तिकडे नाही. पुढे सरकेचनात.

काकांच्या मते बिघाड कुठल्यातरी जोडात होता. अशा वेळी एकेक जोड काढून मशीन चालवून बघतात. त्यांनी टाळ्या काढल्या. नव्वद. प्रश्न काढला. नव्वद. शुक्रवारचा पूर्ण दिवस त्यांनी झाडावर हात ठेवायचं टाळलं. शनिवारी दुपारी डोळे मिटून तेही काढलं. पुढच्या अर्ध्या तासात अकरा फोन आले. एकीला रडू आवरत नव्हतं. आकडा नव्वदच होता.

काकू धुतलेली भांडी पुसत आमच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. कळी गेल्यामुळे त्या आधीच तापलेल्या होत्या.

"नववा झाला की मी रोज पुढचं बटण दाबतेय," त्या म्हणाल्या. "दहावा धडा कुठाय?"

"आहे की," काका म्हणाले.

"कुठे?"

काकांनी चष्मा काढला. "डोक्यात," ते म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. दोष माझाही होता. त्या सोमवारी नाही, तर निदान नंतर तरी मी आठवण करून द्यायला हवी होती. पण मला स्वतःची कुंडी मिळाली होती आणि तिच्यात तिसरं पान फुटलं होतं.

तीन वाजले होते. काकूंचं मशीन टेबलावर आणलं. मी चित्रण करायला फोन धरला. काकांनी पेचकस उचलला आणि मी एक वेगळाच माणूस पाहिला. ते एकदाही अडखळले नाहीत. प्रत्येक स्क्रू काढला की तो कशाला धरून ठेवतो ते सांगायचे आणि बशीत क्रमाने मांडायचे. "माझ्याबरोबर करा," असं मधूनमधून म्हणायचे. "घाबरू नका, मशीन चावत नाही." चाळीस मिनिटांत मशीनचा नुसता सांगाडा उरला. मी घड्याळाकडे बोट केलं. चित्रफीत साइटवर चढायलाच तासभर लागणार होता. एवढंच चढवू, मी खुणेने सांगितलं. काकांनी फोनकडे बघून बसवायचं नंतर दाखवतो म्हणून सांगितलं आणि हात पुसले.

पावणेपाचला धडा चढला. काकांनी झाडाची सोय परत जोडली, या वेळी अट घालून. दहावा धडा संपवेल तिला तिचं झाड होतं तसं परत. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

पावणेसहाला सतराही जणी शंभरवर होत्या. काकू धरून अठरा. मॅडमचा फोन आला. वर्ग चालू राहणार होता, शिवाय पुढच्या तुकडीसाठी चोवीस नावं आली होती. काकांचा जीव भांड्यात पडला. फोन ठेवल्यावर त्यांनी तो फोनच शर्टाने पुसला.

नंतर संदेश यायला लागले. सोबत फोटो. काका म्हणाले होते माझ्याबरोबर करा, आणि बायकांनी केलं होतं. पलंगावर, ओट्यावर, एका ठिकाणी इस्त्रीच्या टेबलावर, सतरा घरांत सतरा मशीनं उघडी पडली होती. स्क्रू बशीत क्रमाने. प्रत्येक फोटोखाली साधारण एकच प्रश्न. काका, पुढे?

दुसरा भाग रविवारी करायचा होता. रविवारी काकांना कळलं की प्रमाणपत्राला रंगीत किनार जोडता येते, आणि किनारी चौसष्ट प्रकारच्या आहेत. काल मी गेले तेव्हा ते एकविसाव्या किनारीवर होते. काकू शिंप्याकडे उसवलेला परकर टाकायला गेल्या होत्या. मशीन टेबलावर तसंच होतं. साइटवर दुसऱ्या भागाचं पान तयार आहे. काकांनी त्याला नावही दिलंय, 'आता परत बसवू'. त्याखाली काही नाही.