लांबून बघ

"मोबाइलला हात लावू नको. लांबून बघ."

असं म्हणून त्यानं हात पुढं केला. हातात मोबाइल, मोबाइलवर पैसे पाठवल्याची हिरवी खूण. त्याच्या-माझ्यामध्ये आमच्या दारातली गटार. तो पलीकडं, मी अलीकडं. स्क्रीनवर ऊन पडलेलं. मला हिरवं काहीतरी दिसलं, खाली आकडे असल्यासारखं दिसलं. मी मान हलवली.

मान हलवली, याचा राग मला आजही येतो.

विकत होते ती माझी पिको-फॉलची शिलाई मशीन. वडीगोद्रीच्या हायवेपासून आत आमचं गाव, आणि गावाच्या कडेला आमची वस्ती. आम्ही बौद्ध. वस्तीत शिरताना कमान लागते, कमानीवर निळा झेंडा. आईनं लोकांच्या रानात खुरपून खुरपून ती मशीन मला घेऊन दिली होती. तिच्यावर मी ब्लाउज शिवले, साड्यांना फॉल लावले, आणि स्वतः खुरप्याला हात लावायचं बंद केलं. आता शाळेच्या गणवेशाचं काम मिळत होतं. जाड कापड, त्याला मोटरची मोठी मशीन पाहिजे. जुनी विकायची, भर घालायची, मोठी आणायची. चुकलं तर परत खुरपं. एवढं सरळ होतं.

जुन्या वस्तू विकायच्या ॲपवर मी फोटो टाकला. याचा मेसेज आला. "ताई, तुम्ही सांगितलेली किंमत बराबर आहे. मी स्वतः न्यायला येतो." ताई. तुम्ही. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? ॲपवर माझं आडनाव दिसत नव्हतं. वस्ती दिसत नव्हती.

पिकअप घेऊन आला. कमान बघितली, झेंडा बघितला, आणि मेसेजमधली ताई तिथंच मेली.

"ए, मशीन भाईर आण. मी आत येत न्हाई."

आईनं पाण्याचा तांब्या आणला. त्यानं तिकडं बघितलंसुद्धा नाही. गटारीपलीकडून मोबाइल दाखवला. माझा फोन घरात चार्जिंगला लावलेला होता. आत जाऊन पैसे आले का बघते, एवढंच म्हणायचं होतं मला. मी तोंड उघडलं तर आईनं माझा दंड दाबला. हळूच म्हणाली, "मोठ्या घरचा माणूस हाय. त्याच्या तोंडावर तपासून बघती का?"

आईला दोष देऊन मोकळं होता येतं. मी देत नाही. तिच्या अख्ख्या आयुष्यात मोठ्या घरच्या माणसाला तपासलं नव्हतं कुणी. मजुरी तो देईल तेव्हा, देईल तेवढी. तीही वरून ओंजळीत टाकलेली. लांबून घ्यायची तिला सवय होती आणि तीच सवय माझ्यात उतरली होती. आम्ही मायलेकींनी मशीन उचलली आणि आमच्या हातांनी त्याच्या पिकअपमध्ये चढवली.

पिकअप गेल्यावर फोन बघितला. पैसे नव्हते. फोन लावला. "बँकेचा प्रॉब्लेम चालू हाय. जल्दी काय हाय तुला?" दुसऱ्या दिवशी त्यानं फोन उचललाच नाही. मग मला ब्लॉक करून टाकलं.

बँकेत गेले. तिथल्या साहेबानं खातं बघितलं आणि सांगितलं की असा व्यवहार झालेलाच नाही. पैसे पाठवल्याची खोटी खूण दाखवणारे ॲप निघालेत म्हणे. वर हसला. "दुसऱ्याच्या मोबाइलवर पैसे बघतात होय? आपल्या खात्यात बघायचे असतात!"

त्याच्या हसण्यानं मी पेटले, पण त्याहून जास्त दुसऱ्या एका गोष्टीनं पेटले. दुसऱ्या कुणी त्याचा मोबाइल हातात घेतला असता. जवळून बघितला असता, नाव वाचलं असतं, वेळ वाचली असती. आमच्या दारात त्याला ती भीती नव्हती. हात लावू नको, एवढं म्हटलं की काम झालं. शिवाशिव त्याच्या उपयोगाला आली. विटाळाच्या आडोशाला उभं राहून त्यानं चोरी केली, आणि आम्ही मान खाली घालून त्याला मदत केली.  

थोड्या दिवसांनी ॲपवर माझीच मशीन दिसली. फळीवर इस्त्रीनं जळालेला डाग माझ्याच हातचा. किंमत वाढवलेली. पत्ता नवीन जालना भागातल्या एका दुकानाचा. मी मावशीच्या फोनवरून मेसेज केला. उत्तर आलं, "ताई, या तुम्ही, कधीपण."

आई आणि मी गेलो. स्टेशनकडच्या रस्त्याला दुकान. जुने कूलर, पंखे, मशिनी, आणि गल्ल्यावर तोच. मी तोंडाला स्कार्फ बांधला होता, पण त्याची गरज नव्हती. त्यानं माझं तोंड कधी बघितलंच नव्हतं. मी मशीनवर हात ठेवला तर म्हणाला,

"आधी पैशे. माझ्या खात्यात पडल्याबिगर वस्तू हलत न्हाई. बिलकुल न्हाई. लोकं लई फसवून राह्यलेत आजकाल."

हे तो मला शिकवत होता! म्हणजे नियम त्याला पाठ होता. फक्त आमच्यासाठी नव्हता.

मी स्कार्फ सोडला. "मशीन माझी हाय. वडीगोद्रीकडच्या वस्तीतून उचलून आणली तू. पैशे पडले न्हाईत. घेऊन चालले."

त्यानं आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग जातीचं नाव घेऊन शिवी दिली. रस्त्यावर ऐकू जाईल अशी. पाठोपाठ थप्पड, डाव्या कानावर. कानात शिट्टी वाजायला लागली. मी मशीनला मिठी मारली. त्यानं केस धरून ओढलं. पोटात लाथ घातली. मी खाली पडले, मशीन माझ्या मांडीवर. रक्त आलं. दारात माणसं जमली आणि बघत राहिली. एक जण शूटिंग करत होता.

तेवढ्यात आई त्याच्या हातावर तुटून पडली. मनगटाला चावली. जीव खाऊन चावली. तो गुरासारखा ओरडला. माझ्या हाताला शटर ओढायची सळई लागली. मी उठले आणि त्याच्या दुसऱ्या हातावर हाणली. त्या हातातला त्याचा मोबाइल फुटला. परत हाणली, खांद्यावर. अजून हाणणार तर लोकांनी मला धरलं. मी मार खात होते तेव्हा एकाचाही हात पुढं आला नव्हता. त्याला पडायला लागला आणि सगळ्यांना माणुसकी आठवली.

मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

पोलीस ठाण्यात तो आमच्याआधी पोचला होता. दुकानात घुसून मारहाण केली, अशी आमच्यावर तक्रार. हवालदार आईला म्हणाला, "मावशी, दोघं बी तक्रारी मागं घ्या. मिटवून टाका. तुमचं वय हाय का कोर्टकचेरीचं?"

आई उभी राहिली. "मी चावले. लिहा. मंग त्यानं लेकीला काय केलं, काय बोलला, ते बी लिहा. एक शब्द सोडू नका."

खूप वेळ बसवून ठेवलं, पण लिहावं लागलं. आमच्याकडून फसवणूक, मारहाण, अट्रॉसिटी. त्याच्याकडून आम्हा दोघींवर मारहाण. मशीन मुद्देमाल म्हणून ठाण्यातच अडकली. गणवेशाचं काम दुसऱ्या कुणाला गेलं. मी परत लोकांच्या रानात खुरपं धरलंय. डाव्या कानानं कमी ऐकू येतं. त्याच्या घरून निरोप येतात, मशीनचे दुप्पट घ्या, केस मागं घ्या, नाहीतर म्हातारीला कोर्टात उभं करू.

वस्तीत आता कुणाला जुनी वस्तू विकायची असली की बाया मला बोलावतात. पैसे येतील म्हणून कुणी कोड स्कॅन करायला, पिन टाकायला सांगितलं, तर मी फोनच बंद करायला लावते. पैसे घ्यायला पिन लागत नाही. समोर कोण आहे, किती मोठा आहे, बघू नका. आपलं खातं उघडा, डोळ्यांनी बघा, तोवर वस्तूवरचा हात काढू नका. तपासल्याचा ज्याला राग येतो, त्याला दोनदा तपासा.

केस मी मागं घेणार नाही. दुप्पट नको, दहापट नको. तारखेला मजुरी बुडते, बुडू दे. आई आरोपी म्हणून उभी राहील तर मी तिच्या शेजारी उभी राहीन, पण तोसुद्धा उभा राहिला पाहिजे, सगळ्यांसमोर, मान खाली घालून. न्यायाधीशांनी मला विचारलं, सळई मारली का? तर सांगेन, मारली. आणि आमच्या जातीवर येऊन पुन्हा कुणी हात उचलला, तर पुन्हा मारीन.